साहेब, एक सांगायचं होतं

ते वाक्य मी एका ट्रेनिंगमधून उचलून आणलं. हॉटेलातला गारठलेला हॉल, टेबलावर पुदिन्याच्या गोळ्या, प्रत्येकापुढे नावाची घडीची पाटी. मी सुपरवायझरचा नुकताच मॅनेजर झालो होतो, त्यामुळे सगळं वहीत उतरवून घेत होतो. कोटातल्या ट्रेनरने फळ्यावर लिहिलं, ‘प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भोसरीच्या शेडमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या ते वाक्य वापरायला काढलं, नवे बूट घालून मिरवावं तसं.

पुढच्या दोन वर्षांत ते किती जणांना ऐकवलं याची मोजदाद नाही. त्यातल्या एकाचा हिशोब मात्र चुकता करावा लागला. तोही रात्री दीड वाजता, दुसऱ्याच्या कारखान्यात, जमिनीवर मांडी घालून.

आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्यात एक बुश आहे, म्हणजे पिन बसवायची छोटी पोकळ नळी. दिसायला अंगठ्याएवढा, आतलं भोक २० मिलिमीटरचं. वीसपेक्षा लहान झालं तर चालत नाही, मोठं झालं तर फार फार २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एकवीस हजारांश. केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मोकळीक. दर नगाला कोणी मोजमापं घेत बसत नाही. ऑपरेटरच्या हातात दोन तोंडांचं प्लग गेज असतं. ‘गो’चं तोंड भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’चं अडलं पाहिजे. संपला विषय. पण गो दिवसातून शेकडो वेळा आत-बाहेर करतं, म्हणून झिजतंही तेच. झिजलं की बारीक होतं, आणि बारीक झालं की लहान भोकातही सुखाने जातं. ऑपरेटर अगदी इमानदारीत ‘ओके, ओके’ म्हणत राहतो.

आमचं तेच झालं. टूल झिजत गेलं तसं भोक लहान होत गेलं. गेज तर त्याआधीच झिजलेलं, त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचंच माप तपासून घ्यायची, तारीख उलटून पाच आठवडे झालेले. दोन झिजा एकमेकींना सांभाळून घेत राहिल्या आणि २,४०० नग गिऱ्हाइकाकडे जाऊन पोचले. तिथे लाइनवर पिन बुशमध्ये शिरेना. लाइन थांबली. संध्याकाळी सातला मला फोन आला. फोनवर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौघांना गाडीत घालून, नवं गेज आणि बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो. त्यांच्या स्टोअरच्या कोपऱ्यात पुठ्ठे अंथरून बसलो आणि एकेक नग हातात घेऊन निवडायला लागलो, तांदूळ निवडावेत तसे. चांगला इकडे, वाईट लाल डब्यात. माझ्या शेजारी त्या मशीनवरचा ऑपरेटर होता. लातूरकडचा, आयटीआय झालेला, तेवीस-चोवीस वर्षांचा. मान खाली, हात चालू. दीडच्या सुमारास, दुसरा चहा झाल्यावर, वर न बघताच म्हणाला, ‘साहेब, हे गेज मला सोमवारीच ढिलं वाटलं होतं. शेजारच्या मशीनचं लावून बघितलं, तर त्याच नगात अडकत होतं.’

माझा हात थांबला. ‘मग बोलला का नाहीस?’

‘मागच्या टायमाला कूलंटचं बोललो होतो ना साहेब.’

एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मला आठवायला दोन मिनिटं लागली. महिन्यापूर्वी तो खरंच आला होता. मी फोनवर होतो. कूलंटला, म्हणजे मशीनवर टूल थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याला, वास येतोय, हात खाजतात, असं काहीतरी सांगत होता. मी फोनवर हात ठेवून त्याला ते वाक्य दिलं होतं. सोल्यूशन घेऊन ये. कूलंट बदलायचे अधिकार त्याच्याकडे नव्हते, पैसे नव्हते, ड्रमची चावीही नव्हती. तो सोल्यूशन आणणार कुठून? तो ‘हो साहेब’ म्हणाला आणि गेला. मला त्या दिवशी आपण माणसं घडवतोय असं वाटलं होतं.

पहाटे साडेपाचला मोजणी संपली. ३१७ नग लाल डब्यात. गाडीत सगळे झोपले आणि मी नाशिक रस्त्यावर ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत गाडी चालवत होतो.

खरं सांगायचं तर मला मॅनेजर कोणी माणसं घडवण्यासाठी केलंच नव्हतं. मी सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणं, चांगलं करायचो. कुठलंही ड्रॉइंग द्या, पहिला नग तासाभरात पास. अशा माणसाला आपल्याकडे बक्षीस म्हणून सुपरवायझर करतात, म्हणजे जे काम त्याला येतं त्यावरून उठवतात. मग त्याचे हात शिवशिवत राहतात. पहिली दोन वर्षं मी तेच केलं. कोणी मशीनवर अडला की ‘सरक’ म्हणायचं आणि स्वतः करून टाकायचं. पाच मिनिटांत प्रश्न सुटायचा, मला बरं वाटायचं, आणि तो माणूस होता तिथेच राहायचा. आमच्या घरी आई म्हणायची, स्वयंपाकघरात सासू सारखी पुढे आली की सुनेच्या हाताला चव येत नाही. तिला शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यातली मशीनची जागा, माहीत नव्हता.

माझा पुतण्या हिंजवडीत आयटीमध्ये आहे. दिवाळीत तो मला चिडवत होता, ‘काका, मॅनेजर लागतोच कशाला? टीम स्वतः चालते.’ त्याला मी गूगलची गोष्ट सांगितली. २००२ मध्ये त्यांनी हा प्रयोग खरोखर करून पाहिला, इंजिनियरांच्या वरचे मॅनेजर काढूनच टाकले. काही महिन्यांत लोक खर्चाची बिलं आणि आपापसातली भांडणं घेऊन थेट लॅरी पेजच्या दारात उभे राहायला लागले. मॅनेजर परत आले. पुढे २००८-०९ च्या सुमारास त्याच कंपनीने आकडेमोड करून चांगला मॅनेजर काय काय करतो याची आठ लक्षणं काढली. पहिलं होतं, माणसांना शिकवून पुढे नेणं. आठवं होतं, स्वतःचं तांत्रिक ज्ञान. पुतण्या म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही आठव्या नंबरच्या गुणावर मॅनेजर झालात.’ पोरगं चुरचुरीत आहे. बोललं ते खोटं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी आधी माझ्या केबिनमधला एक तक्ता पुढ्यात घेतला. ‘गिऱ्हाइकाच्या तक्रारी’ आणि ‘आतले दोष’, म्हणजे माल बाहेर जाण्याआधी आम्हीच पकडलेले, असे दोन उभे पट्टे होते. आतल्या दोषांचा पट्टा सलग चार महिने जवळपास शून्यावर होता आणि मी पाहुण्यांना तो बोट लावून दाखवायचो. आता त्याकडे बघून पोटात गोळा यायला लागला. एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात, हार्वर्डमध्ये पीएचडी करताना, रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. औषध देताना होणाऱ्या चुका मोजायच्या होत्या. जिथे गट एकदिलाचा, जिथली प्रमुख चांगली, तिथे चुका कमी सापडतील असा साधा अंदाज. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुका जास्त. डोकं खाजवल्यावर उलगडा झाला, तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या उशाखाली जात होत्या. आमचे शून्य दोष कुठल्या उशाखाली होते ते मला स्टोअरच्या पुठ्ठ्यावर कळलं होतं.

पण ‘आता सांगा’ म्हटलं म्हणून कोणी सांगतं का? मी सकाळच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, ‘यापुढे काहीही असेल तर बिनधास्त सांगायचं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच टाकलं. बारा अंगठे आले. अंगठा हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात फसवं चित्र आहे. त्याचा अर्थ ‘कळलं’, ‘बरं’, ‘वाचलं नाही’ आणि ‘बघू किती दिवस टिकतंय’ यांपैकी काहीही असू शकतो.

मग मी वाटाण्यांचा खेळ केला. मूळ खेळ एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन माणसाचा. १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनियरांना आणि मोठ्या साहेबांना गुणवत्तेचं संख्याशास्त्र शिकवणारे हेच. त्यांच्याकडे ४,००० मणी असायचे, त्यातले ८०० लाल. सहभागी माणसाने न बघता ५० खळगे असलेली फळी मण्यांत बुडवायची आणि लाल मणी न येऊ देता बाहेर काढायची. लाल म्हणजे खराब माल. मी घरून चार वाट्या पांढरे वाटाणे आणि एक वाटी हिरवे आणले. बायकोने विचारलं, उसळ करणार आहात का? कॅन्टीनमध्ये पाच शिफ्ट इनचार्ज बसवले. डोळे मिटून परातीतून २५ वाटाणे काढायचे. हिरवे म्हणजे रिजेक्शन. पहिल्या फेरीत एकाचे दोनच हिरवे आले. त्याला मी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. नानांचे नऊ आले. नाना आमचे सगळ्यात जुने सेटर, तीस वर्षांची नोकरी. त्यांना मी नाटकी आवाजात म्हटलं, ‘नाना, लक्ष द्या जरा. घरी काही प्रॉब्लेम आहे का?’ हशा. दुसऱ्या फेरीत दोनवाल्याचे आठ आले आणि नानांचे चार. मी दोनवाल्याला झापलं, नानांना शाबासकी दिली. तिसऱ्या फेरीत सगळं पुन्हा उलटसुलट.

नाना हसत नव्हते. वाटाणे परातीत सोडत म्हणाले, ‘साहेब, मागच्या मे महिन्यात माझ्या शिफ्टला जे झालं, ते असंच होतं ना?’

मे महिन्यात मी नानांना सगळ्यांसमोर रिजेक्शनवरून बोललो होतो. नंतर कळलं होतं की त्या महिन्यात आलेल्या बारच्या, म्हणजे कच्च्या सळ्यांच्या, मटेरियलमध्येच घोळ होता. परातीतले हिरवे वाटाणे नानांनी टाकले नव्हते. मला हे कळलं होतं, पण मी त्यांना जाऊन तसं सांगितलं नव्हतं. साहेबाने माघारी जाऊन माफी मागायची पद्धत कुठे असते? त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पाच जणांसमोर मागितली. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येताना बघणं सोपं नसतं. नानांनी विषय बदलला, म्हणाले, ‘चला, वाटाणे भिजत घाला, वाया नकोत.’

इचलकरंजी माझं आजोळ. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे घरोघरी माग झाले. मामाचे आठ होते. खाली माग, वर आम्ही. मे महिन्याच्या सुट्टीत गेलं की पहिल्या दोन रात्री त्या खटखटाटात झोप यायची नाही, तिसऱ्या रात्रीपासून ती अंगाई व्हायची. मामा घोरत पडलेला असायचा. आणि खाली आठांतला एक माग थांबला, की उठून बसायचा. आवाजाने नव्हे, आवाज कमी झाल्याने. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला किंवा त्याची कांडी संपली तर माग आपला आपण थांबायचा. पण ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तर तो आंधळ्यासारखा पुढे विणत राहायचा आणि कापडात लांबच लांब खोट पडायची. म्हणून रात्रपाळीच्या माणसाने ताण्यावरून नजर हलवायची नाही असा मामाचा दंडक. डुलकी लागली की वार-दोन वार वाया, मग शिव्या, मग पगारातून कापणी. त्यामुळे खोट दिसली तरी विणकर कापड गुंडाळून मोकळा व्हायचा. व्यापाऱ्याकडे तागा उलगडला की बोंब.

जपानमध्ये याच दुखण्यावर साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा आयुष्यभर झटत होता. १९२४ मधला त्याचा जी टाइप माग ताणा तुटला तरी थांबायचा, बाणा तुटला तरी थांबायचा, आणि बाणा वाहून नेणारा धोटा मात्र चालत्या मागावर बदलायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले, म्हणजे मँचेस्टरच्या शेजारच्या लोकांनी जपान्याकडून माग घेतला! साकिचीच्या मुलाने पुढे मोटारी काढल्या आणि थांबणाऱ्या मागाची कल्पना मोटारीच्या कारखान्यात शिरली. तिथे लाइनच्या वरून एक दोरी जाते. कामगाराला काही खटकलं की त्याने ती ओढायची. आधी त्याचा टीम लीडर धावत येतो, आणि तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबते. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच. त्याच कामगारांच्या गैरहजेरीने आणि भांडणांनी तो कारखाना बदनाम होता. त्यांच्याच हातात ती दोरी दिली, आणि थोड्या काळात गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या तोडीला आला.

दोरी विकत मिळते. आम्हीही आणली, दोरी नाही, प्रत्येक मशीनवर एक बटण आणि वर पिवळा दिवा. इलेक्ट्रिशियनने दोन दिवसांत बसवून दिली. मी नारळ फोडायचा तेवढा राहिला.

अकरा दिवस एकही दिवा लागला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला लागला. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि नेमका तोच बुश. आतापर्यंत मी दिव्याकडे आशेने बघत होतो. त्या क्षणी मात्र मनात आलं, आत्ताच? मशीनपाशी पोचलो तर अप्रेंटिस पोरगा उभा. कामावर येऊन महिनाही झालेला नसेल. तळहातावर गेज, हात थोडा थरथरतोय.

‘साहेब, गेज खाली पडलं.’

‘लागलं का कुठे त्याला?’

‘दिसत नाही काही. पण पडलं.’

पूर्वी असं काही झालं की गेज पॅन्टला पुसून पुढे चालू. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग लक्षात आलं की आजूबाजूच्या सहा मशीन चालू होत्या पण सहाही जण माझ्याकडे बघत होते. लातूरकडचा तो ऑपरेटरसुद्धा. मी काय बोलतो हे ऐकायला त्यांना थांबावं लागणार नव्हतं, चेहऱ्यावरूनच कळणार होतं. मॅनेजरचा चेहरा ही शॉप फ्लोअरवरची सगळ्यात मोठी नोटीस आहे. ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

‘बरं केलंस,’ म्हटलं. ‘मशीन बंद ठेव. गेज स्टँडर्ड रूममध्ये घेऊन जा, मी येतो बरोबर.’

चाळीस मिनिटं गेली. गाडीवाल्याला चहा पाजला, गिऱ्हाइकाच्या माणसाला फोन केला, त्याचं ऐकून घेतलं. गेज तपासून आलं. एकदम ठीक. म्हणजे चाळीस मिनिटं फुकट. पोराचं तोंड उतरलं. त्याला म्हटलं, ठीक निघालं ते चांगलंच झालं, आता परत बसव आणि सुरू कर. मनापासून म्हटलं का? सत्तर टक्के. उरलेले तीस टक्के मी केबिनमध्ये जाऊन टेबलावर मूठ आपटून काढले.

त्या आठवड्यात आणखी तीन दिवे लागले. त्यातला एक नानांचा. महिनाभरात आतल्या दोषांचा पट्टा तक्त्यावर जो उभा राहिला तो पाहून नवीन माणसाला वाटलं असतं, यांचं सगळं बिघडलंय. कूलंट आठ दिवसांत बदलला. त्यासाठी मला खरेदीवाल्यांशी तीनदा भांडावं लागलं, ते वेगळं. पोरं सांगतात आणि आपल्याला करता येत नाही, हे मॅनेजरचं दुसरं दुखणं. तेव्हा निदान ‘होणार नाही, कारण हे’ एवढं तरी परत जाऊन सांगावं लागतं, नाहीतर दिवा पुन्हा अकरा दिवस अंधारात.

सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटू नये. लातूरकडचा पोरगा दिवाळीनंतर गेला, दुसरीकडे महिन्याला दोन हजार जास्त मिळाले म्हणून. जाताना पेढे घेऊन आला होता. मी थांब म्हणू शकलो नाही. माझ्या हातात दोन हजार नव्हते. काँट्रॅक्टवरची पोरं सहा महिन्यांनी बदलतात, आणि प्रत्येक नवा पोरगा येताना आधीच्या साहेबांची भीती बरोबर घेऊन येतो. पुन्हा पहिल्यापासून चेहरा सांभाळायचा.

आणि मी? दर सोमवारी वर माझ्या साहेबांपुढे रिव्ह्यू असतो. एक्सेलमध्ये प्रत्येक लाइनचा रंग भरायचा असतो, हिरवा, पिवळा, लाल. मॅनेजर झाल्यापासून मी लालचा पिवळा करत आलोय. ‘काम चालू आहे’ असं शेजारी लिहिलं की पिवळा खपतो. रविवारी रात्री लॅपटॉपपुढे बसून एका चौकोनावर बोट ठेवून थांबलो. नव्या ग्राइंडिंग मशीनचं काम दीड महिना मागे होतं आणि साहेबांना ते अजून माहीत नव्हतं. बायको म्हणाली, ‘झोपायचं नाही का?’ मी तो चौकोन लालच ठेवला आणि फाइल पाठवून दिली.

सोमवारी दहा वाजता पडद्यावर तक्ता आला. बाकी सगळ्यांचे हिरवे-पिवळे, आणि मध्ये माझा लाल, कपाळावरच्या कुंकवासारखा. खोलीत एसीचा आवाज तेवढा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘हे लाल का आहे?’

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तळहात ओला झाला होता. म्हटलं, ‘साहेब, एक सांगायचं होतं.’